आपल्या घराण्याची नोंद: कुठे शोधावी, कशी वाचावी?



संत मत्तयचे शुभवर्तमान नावांच्या यादीने सुरू होते. अब्राहामापासून येशूपर्यंतच्या पिढ्या तेथे चौदा-चौदांच्या तीन गटांत मांडल्या आहेत. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला आणि नाताळच्या आधी १७ डिसेंबरला हा उतारा वाचला जातो. तो लांबलचक वाटतो आणि अनेकांचे लक्ष मध्येच उडते. पण त्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चार स्त्रियाही आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांची नावे वगळणे सोपे होते, त्यांचीही नोंद ठेवली गेली.

आता आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या. आपल्या पणजीचे माहेरचे आडनाव काय होते? नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा सांगताना आपण नावे लिहून देतो. आई-वडील, आजी-आजोबा यांच्यापुढे पेन थांबते आणि मग आपण ‘आणि घराण्यातील सर्व मृत’ असे लिहून मोकळे होतो. प्रार्थना सर्वांपर्यंत पोहोचते यात शंका नाही. पण ज्यांनी विहिरी खणल्या, वाड्या लावल्या आणि कठीण काळात श्रद्धा जपली, त्यांची नावे शंभर वर्षांच्या आत पुसली जावीत, हे बरे नव्हे.

ही गोष्ट आता तातडीची झाली आहे. वसई परिसरात जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. माळ्यावरची ट्रंक भंगारात जाते आणि तिच्यातील कागदही तिच्याबरोबर जातात. तरुण मंडळी आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक होत आहेत. ज्यांना जुने सांगता येते ती माणसे एकेक करून देवाघरी जात आहेत. म्हणून घराण्याचा शोध कसा घ्यावा, त्यासाठी कोणकोणती साधने आहेत आणि ती कशी वापरावीत, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

१. सुरुवात घरापासून

पहिला नियम असा की, शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. ‘आमचे मूळ पुरुष कोण?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर हाती दंतकथाच लागतात. आधी स्वतःची, मग आई-वडिलांची, मग आजी-आजोबांची जन्म, विवाह आणि मृत्यूची तारीख व ठिकाण लिहावे. जे ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडावी. या कोऱ्या जागाच पुढे काय शोधायचे ते सांगतात.

त्यानंतर घरातील कागद बाहेर काढावेत. जुनी शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे व निवृत्तिवेतनाचे कागद, जहाजावर नोकरी केलेल्यांचे सीडीसी, पासपोर्ट, खरेदीखत, वाटणीपत्र, लग्नाच्या पत्रिका, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मृतांची स्मरणचित्रे, अल्तारावरच्या तसबिरीमागे लिहिलेल्या तारखा या साऱ्यांचा उपयोग होतो. जुन्या फोटोंच्या मागे फिक्या पेन्सिलीने माणसांची नावे आजच लिहून ठेवा. फोटोतील आठ माणसांपैकी पाच ओळखणारी व्यक्ती गेली की तो फोटो मुका होतो.

२. वडीलधाऱ्यांशी बोलणे

ज्या आजीचे वय आज पंच्याऐंशी आहे, तिने लहानपणी आपली आजी पाहिलेली असण्याचा संभव आहे. ती आजी साधारण १८८० च्या आसपास जन्मलेली असणार. म्हणजे एका दुपारच्या गप्पांत आपण सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जातो. ही सोय कोणत्याही दप्तरखान्यात नाही.

मात्र ‘आजी, तुझा जन्म कुठल्या साली झाला?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. ‘तुझ्या लग्नाला कोण कोण आले होते? तुझी धर्ममाता कोण? तुम्ही कोणाच्या विहिरीचे पाणी भरायचात? मोठ्या पावसात घर पडले तेव्हा तू केवढी होतीस?’ असे विचारावे. तिच्या माहेरची माणसे, बहिणी कुठल्या गावांत दिल्या, बालपणी वारलेली भावंडे यांबद्दलही विचारावे. ही लहानगी मुले घरच्यांच्या बोलण्यात क्वचितच येतात, पण आईच्या मनातून ती कधी जात नाहीत. विचारताना घाई करू नये आणि तिची इच्छा नसेल तेथे थांबावे. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवावा. आजीची बोली, तिचे शब्द, तिने उच्चारलेली माणसांची घरगुती नावे, हाही वारसाच आहे.

घराण्याचे ओळखीचे नाव जरूर विचारा. एकाच गावात पन्नास घरे डिसोजांची किंवा परेरांची असतात. अशा वेळी आडनावापेक्षा लोकांनी दिलेले टोपणनाव, आळी आणि वाडीचे नाव यांवरूनच खरे घराणे सापडते.

३. चर्चच्या नोंदवह्या

आपल्यासाठी सर्वांत मोलाचे साधन म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची आणि स्नानसंस्कारांची नोंद ठेवण्याचा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात मृतांच्या नोंदीचा आणि धर्मग्रामातील कुटुंबांच्या यादीचाही नमुना आला. म्हणूनच सरकारी जन्मनोंदणी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्तसभेत साध्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या बाळाचे नाव लिहिले जात होते.

तरी अपेक्षा माफक ठेवावी. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकली. त्या धामधुमीत अनेक चर्चेस उद्ध्वस्त झाली. पुढे ओलावा, वाळवी आणि कागद खाणारी शाई यांनी आपले काम केले. त्यामुळे प्रत्येक चर्चची सर्वांत जुनी वही वेगवेगळ्या सालाची असते. शिवाय एका जुन्या धर्मग्रामातून पुढे नवे धर्मग्राम निर्माण झाले. आपले चर्च नवे असेल तर पणजोबांची नोंद मूळ ‘आई’ चर्चमध्ये पाहावी लागेल.

धर्मप्रांताच्या पातळीवरही असेच आहे. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला आणि वसईचा भाग त्यात होता. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत संपुष्टात आला व हा भाग मुंबई महाधर्मप्रांताकडे आला. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत निर्माण झाला. त्यामुळे जुना पत्रव्यवहार, विवाहासाठी मिळालेल्या सवलतींचे अर्ज इत्यादींचा शोध घेताना गोवा आणि मुंबई ही दोन्ही ठिकाणे ध्यानात ठेवावीत.

स्नानसंस्काराच्या नोंदीत बाळाचे नाव, जन्मतारीख, संस्काराची तारीख, आई-वडील, धर्ममाता-धर्मपिता आणि संस्कार देणारे धर्मगुरू यांची नावे असतात. काही जुन्या नोंदींत आजी-आजोबांचीही नावे सापडतात. पण घाईने ओळ वाचून वही मिटू नका, समासात पाहा. परमगुरू दहावे पायस यांच्या कारकिर्दीत १९०७ मध्ये निघालेल्या आणि १९०८ च्या पास्कापासून लागू झालेल्या आदेशानुसार, माणसाचे लग्न झाले की त्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या वहीत करणे आवश्यक झाले. ही पद्धत आजही आहे. म्हणजे १९०२ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या नावाशेजारी, पंचवीस वर्षांनंतर, वेगळ्या शाईत, त्याच्या लग्नाचे ठिकाण आणि पत्नीचे नाव लिहिलेले मिळू शकते. त्या एका ओळीवरून पणजीच्या माहेरच्या धर्मग्रामाचा रस्ता उघडतो.

विवाहाच्या नोंदीत वधू-वरांचे वय, त्यांच्या वडिलांची नावे आणि साक्षीदार असतात. साक्षीदार बहुधा जवळचे नातलग असतात, तेव्हा त्यांची नावेही उतरून घ्यावीत. नात्यात लग्न झाले असेल तर मिळालेल्या सवलतीचा उल्लेख असतो. १९१८ पासून लागू झालेल्या धर्मनियमांनुसार चुलत-मावस भावंडांच्या मुलांनाही आपसात लग्नासाठी सवलत घ्यावी लागे. १९८३ च्या नियमावलीने ही मर्यादा सख्ख्या चुलत, मामे, मावस, आते भावंडांपर्यंत आणली. म्हणून जुनी सवलत दिसली की समजावे, दोन्ही घराण्यांचा पूर्वज एक आहे.

मृत्यूच्या नोंदी त्रोटक असतात, पण बोलक्या असतात. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने देशभर थैमान घातले. एकाच घरातील दोन-तीन नावे थोड्या दिवसांच्या अंतराने आली, तर कुटुंबावर काय कोसळले असेल याची कल्पना येते. पुढे आजोबा मामाच्या घरी का वाढले, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी तेथेच मिळते.

४. जुनी भाषा आणि बदललेली नावे

जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत, पुढच्या इंग्रजीत आणि अलीकडच्या मराठीत मिळतात. सगळी भाषा येण्याची गरज नाही. पंधरा-वीस शब्द पुरतात. पोर्तुगीजमध्ये ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ म्हणजे मुलगी, ‘पाय’ म्हणजे वडील आणि ‘मांय’ म्हणजे आई. ‘विउवा’ म्हणजे विधवा, ‘आल्देया’ म्हणजे गाव. लॅटिनमध्ये ‘फिलियुस’ व ‘फिलिया’ म्हणजे मुलगा व मुलगी, ‘पात्रीनी’ म्हणजे धर्मपालक. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. जुन्या वह्यांत महिन्याचे नाव आकड्याने लिहिलेले असे. ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रे’ लिहिले असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय. त्याचप्रमाणे ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा म्हणजे डिसेंबर.

नावांचेही तसेच आहे. घरात जुजे, वहीत जोसेफ, शाळेत जोसफ. घरात जुवांव, वहीत जॉन. घरात बस्त्याव, वहीत सेबॅस्टियन. घोन्साल्विस आणि गोन्साल्वीस, रॉड्रिग्ज आणि रॉड्रिक्स ही एकच आडनावे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असतात. स्पेलिंग जुळत नाही म्हणून ‘हे आमचे नव्हेत’ असे लगेच ठरवू नये.

५. दफनभूमी

आपल्याकडे कबरी पुन्हा वापरल्या जातात आणि लाकडी क्रूस फार काळ टिकत नाहीत. म्हणून जे दगड व संगमरवरी पाट्या शिल्लक आहेत त्यांचे फोटो काढून ठेवावेत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. अक्षरे वाचण्यासाठी दगड खरवडू नये.

६. जमिनीचे दप्तर

आपण मुळात शेतकरी, आणि जमिनीच्या कागदांत घराणे दडलेले असते. सातबारावर आजचा मालक दिसतो. पण तो मालक कसा झाला, हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत कळते. माणूस वारला की वारस नोंद होते. तिच्यात मृताचे नाव आणि वारसांची नावे व नाती लिहिलेली असतात. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे जेथे नोंदवली आहेत, तेथे घराण्यातून ‘हरवलेल्या’ आत्या आणि त्यांची सासरे सापडतात. सातबारावर फेरफाराचे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. त्यांच्या आधारे एकेक पायरी मागे जाता येते.

१९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे अनेक कुळे जमिनीची मालक झाली. त्या वेळच्या नोंदींत पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यांची नावे मालक म्हणून येतात. या नोंदींसाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला. त्याआधी आपला तालुका ठाणे जिल्ह्यात होता, हे जिल्हा पातळीवरचे जुने कागद शोधताना विसरू नये.

७. शाळा व सरकारी नोंदी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात व आधीची शाळा लिहिलेली असते. मराठी पद्धतीने वडिलांचे नाव मध्ये येत असल्याने एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. मात्र शाळेतली जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजे घातलेली असे. ती चर्चच्या नोंदीशी ताडून पाहावी.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली; त्यापूर्वी या नोंदी ग्रामपंचायती व नगरपरिषदांकडे होत्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी पुरावा धरला जातो. विवाहाबाबत सांगायचे तर, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार चर्चमध्ये झालेल्या विवाहांची विवरणे दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावी लागतात. चर्चची वही खराब झाली असेल तर हा दुसरा मार्ग आहे.

८. पुराभिलेखागारे आणि ग्रंथ

खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. त्याची सुरुवात १८२१ ची. पुण्यात पेशवे दप्तर आहे. १७३९ नंतरचा आपल्या भागाचा कारभार समजून घ्यायला ते उपयोगी पडते, पण ते मोडी लिपीत आहे. पुराभिलेख विभागातर्फे मोडी शिकवण्याचे वर्ग घेतले जातात. आपल्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी मोडी शिकून घेतली तर साऱ्या गावाचा फायदा होईल. पणजीच्या जुन्या गोव्यातील किंवा पोर्तुगीज काळातील संबंधांसाठी पणजी येथील पुराभिलेखागार आहे. तेथील दप्तराची स्थापना १५९५ ची आहे.

ग्रंथांपैकी १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि गर्सन द कुन्हा यांचे चौल व वसईवरील १८७६ चे पुस्तक पाहावे. त्यांत आपल्या पणजोबांचे नाव मिळणार नाही. पण ते ज्या गावात राहत होते ते गाव तेव्हा कसे होते, हे कळेल.

९. एक साधन दुसऱ्याशी ताडून पाहावे

समजा, कबरीवरील पाटीनुसार आजोबा १९७२ मध्ये सत्तराव्या वर्षी वारले. म्हणजे जन्म १९०२ चा. पण जुन्या माणसांची वये अंदाजाने सांगितलेली असतात, म्हणून १८९७ ते १९०७ पर्यंतच्या वह्या पाहाव्यात. तेथे त्याच गावचे, त्याच आडनावाचे दोन ‘जुजे’ सापडले, तर काय करावे? आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत अनेक घरांत असल्याने असे हमखास होते. अशा वेळी आईचे नाव पाहावे, धर्मपालक कोण ते पाहावे, समासातील लग्नाची नोंद आजीच्या नावाशी जुळते का ते पाहावे आणि शेवटी जमिनीच्या वारस नोंदीतील भावंडांशी ताडून घ्यावे. किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळले तरच नाव वंशावळीत शाईने लिहावे, तोवर पेन्सिलीने. प्रत्येक माहितीशेजारी ती कुठून मिळाली ते लिहावे: वहीचे साल, पान, नोंदीचा क्रमांक. नाहीतर दहा वर्षांनी पुतण्याला तोच शोध पुन्हा करावा लागेल.

१०. काही पथ्ये

नोंदवह्या हा धर्मग्रामाचा ठेवा आहे. प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घेऊन, कार्यालयाच्या सवडीने, माहिती आधीच कागदावर लिहून नेऊन विचारणा करावी. रविवारी मिस्सा संपताच दाराशी गर्दी करू नये. वहीचे पान थुंकी लावून उलटू नये, पेनाने खूण करू नये, परवानगीशिवाय फोटो काढू नयेत. हयात माणसांची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये.

शोधताना दुखऱ्या जागाही सापडतात. वडिलांचे नाव नसलेली नोंद, लग्नानंतर थोड्याच महिन्यांत झालेला जन्म, घराबाहेर काढलेला भाऊ, जमिनीच्या वाटणीत डावललेली बहीण. या गोष्टी चव्हाट्यावर आणण्यासाठी नाहीत आणि खोडून टाकण्यासाठीही नाहीत. संत मत्तयने आपल्या यादीतून अडचणीची नावे गाळली नाहीत. आपणही कोणाचे नाव गाळू नये, पण त्याचा न्यायनिवाडाही करू नये.

चर्चेसाठी व कृतीसाठी

लहान ख्रिस्ती समूहाच्या येत्या सभेत पुढील प्रश्नांवर विचार करावा.

१. आपल्याला आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन्ही बाजूंच्या किती पिढ्यांची नावे सांगता येतात?

२. आपल्या आळीत ऐंशीच्या पुढचे कोण कोण आहेत? त्यांच्याजवळ बसायला या महिन्यात कोण जाईल?

३. आपल्या घरात कोणते जुने कागद व फोटो आहेत? ते कोरड्या जागी, सुती कापडात ठेवले आहेत का? त्यांच्या प्रती भावंडांकडे आहेत का?

४. आपल्या घराण्यातील कोणते नाव वर्षानुवर्षे उच्चारले गेलेले नाही?

पुढच्या वेळी मृतांसाठी मिस्सा सांगताना, शक्य असेल तर निदान एक नवे, म्हणजेच जुने नाव चिठ्ठीवर लिहावे, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.